छात्रालयाची गुरुमाउली

आषाढी एकादशीचा उपवास सुटतो, पंढरीच्या वाळवंटातील दिंड्यांना परतीचे वेध लागतात आणि चारच दिवसांनी व्यासपौर्णिमा उगवते. महर्षी व्यासांचे स्मरण करून आपापल्या गुरूच्या चरणी माथा टेकण्याचा हा दिवस आहे. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधोमध वसलेल्या आमच्या गोंडपिपरी तालुक्यात या सुमारास धानाचे पऱ्हे हिरवेगार झालेले असतात आणि रोवणीची लगबग तोंडावर आलेली असते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्यामुळे नव्या वर्गाची, नव्या पाटीपुस्तकांची आणि नव्या गुरुजींची नवलाईही याच दिवसांत ताजी असते. म्हणून या पौर्णिमेला मठातील गुरूंबरोबरच शाळेतील गुरूचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटते.

आपल्या परंपरेत गुरुसेवेच्या कथा पुष्कळ आहेत. सांदीपनी ऋषींच्या आश्रमात प्रत्यक्ष भगवान श्रीकृष्णांनी सुदाम्याबरोबर रानात जाऊन लाकडे आणली, ही कथा घरोघरी मुलांना सांगितली जाते. शिष्याने सेवा करावी आणि गुरूने ज्ञान द्यावे, असा तो क्रम. परंतु याच परंपरेत उलट क्रमाच्याही कथा आहेत. पैठणला एकनाथ महाराजांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवानेच कावडीने पाणी वाहिले. जनाबाईबरोबर विठ्ठल दळण दळू लागला. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णांनी उष्ट्या पत्रावळी उचलल्या. ज्याची सेवा व्हायची त्यानेच सेवेला उभे राहावे, हा भागवत धर्माचा एक गाभाच आहे. हा उलटा क्रम शाळेत आणणारे एक शिक्षक महाराष्ट्रात विसाव्या शतकात होऊन गेले. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. उभा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो.

गुरुजींचे नाव निघाले की ‘श्यामची आई’ आठवते, तुरुंगवास आठवतो, पंढरपूरचे उपोषण आठवते. परंतु त्यांच्या नावापुढे कायमचे जडलेले ‘गुरुजी’ हे पद त्यांना मिळाले ते अमळनेरच्या शाळेत. त्या शाळेत ते जेमतेम सहा वर्षे होते. ते मुख्याध्यापक नव्हते, संस्थेचे चालकही नव्हते. पंचविशीतला एक साधा, संकोची शिक्षक सहा वर्षांत एका छात्रालयाचे वळण बदलून टाकतो, ते कशाच्या बळावर, याचा विचार आज करण्याचे आम्ही योजिले आहे.

पालगडचा श्याम

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. आजोबांच्या काळी घराणे खोताचे, सुखवस्तू. वडील सदाशिवराव यांच्या वेळेपर्यंत मात्र कर्जाने घर पोखरले गेले आणि जप्तीची वेळ आली. आई यशोदाबाई. दारिद्र्यातही मन मोठे ठेवणारी, मुलांवर जीव टाकणारी आणि तरीही चुकल्यास त्यांना न सोडणारी अशी ही माउली होती.

या आईने लहानपणी जे शिकविले ते बहुतेक पाठांतराने नव्हे, कामातून शिकविले. ‘श्यामची आई’ वाचणाऱ्यांना तो प्रसंग ठाऊक आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हाताऱ्या बाईची मोळी खाली पडलेली असते आणि ती डोक्यावर चढवून देण्यास कोणी पुढे येत नसते. आई श्यामला ती मोळी उचलून देण्यास सांगते. गाव काय म्हणेल याची चिंता ती करीत नाही. रूढीसाठी हवे तर नंतर स्नान कर, पण आधी त्या जिवाला मदत कर, असा तिचा भाव असतो. लहानग्या श्यामच्या मनात त्या दिवशी पेरलेले बी पुढे पंढरपूरच्या महाद्वारी कसे उगवले, ते आम्ही पुढे सांगणारच आहोत.

पालगडला मराठी शिक्षण, मग दापोलीला इंग्रजी शाळा असे चालले असता घरची ओढाताण त्यांना बघवेना. गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून ते दूर औंध संस्थानात गेले. तेथे हाताने स्वयंपाक करावा आणि कसेबसे दिवस काढावेत, अशी स्थिती होती. प्लेगमुळे तेही ठिकाण सुटले आणि ते पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात आले. उपासमार तेथेही संपली नाही. १९१७ साली ते पुण्यात शिकत असताना इकडे पालगडला आईने डोळे मिटले. शेवटची भेट झाली नाही. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली.

१९१८ साली ते मॅट्रिक झाले. पुढे पुण्यातच बी. ए. झाले आणि नंतर एम. ए. ही झाले. परक्या गावी, आईवाचून, अर्धपोटी शिकणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते, हे त्यांना कोणत्याही अध्यापनशास्त्राच्या ग्रंथातून शिकावे लागले नाही. ते त्यांनी भोगले होते. पुढे छात्रालयातील मुलांकडे पाहताना त्यांना प्रत्येक मुलात औंधचा आणि पुण्याचा तोच एकटा मुलगा दिसत असला पाहिजे.

तत्त्वज्ञानाकडून मुलांकडे

अमळनेरला ते प्रथम आले ते शिक्षक होण्यासाठी नव्हे. दानशूर श्रीमंत प्रताप शेठजी यांच्या आश्रयाने १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले होते. देशभरातील जिज्ञासूंनी तेथे राहून वेदान्ताचे अध्ययन करावे, अशी ती योजना होती. तरुण सान्यांना तत्त्वज्ञानाची ओढ होती, म्हणून ते तेथे दाखल झाले. परंतु ग्रंथांतील चर्चेत त्यांचे मन रमेना. ब्रह्म सर्वत्र भरले आहे असे वाचायचे आणि त्याला भेटायला मात्र कोठेच जायचे नाही, हे त्यांच्या प्रेमळ पिंडाला मानवणारे नव्हते. जून १९२४ मध्ये त्यांनी अमळनेरच्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली. थोड्याच काळात शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

छात्रालय म्हणजे खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांची वस्ती. ज्यांना अशा वसतिगृहांचा अनुभव आहे त्यांना तेथील चित्र सांगावयास नको. अंथरुणे पसरलेली, कपडे कोपऱ्यात फेकलेले, कंदिलांच्या काचा काजळलेल्या. अशा ठिकाणी नव्याने आलेला व्यवस्थापक साधारणतः दोनपैकी एक मार्ग धरतो. नियमांचा फलक लावून दंड बसवावयास प्रारंभ करतो, अथवा डोळेझाक करून आपली खोली तेवढी स्वच्छ ठेवतो. गुरुजींनी यांपैकी काहीच केले नाही. ते स्वतःच त्या खोल्यांतून कामाला लागले. पसरलेली अंथरुणे त्यांनी गुंडाळून ठेवली, विखुरलेले कपडे घड्या करून ठेवले, मळके धुऊन टाकले, कंदिलाच्या काचा पुसून लखलखीत केल्या. हे करताना कोणाला बोल लावला नाही आणि उपकाराची भाषाही केली नाही.

येथे एखादा व्यवहारी वाचक शंका घेईल. गुरूने अशी कामे करू लागल्यास मुले आळशी होणार नाहीत काय? शंका रास्त आहे. नोकराने काम केले तर मुले आळशी होतात, हे खरेच आहे. परंतु ज्याच्याविषयी मनात आदर आहे अशा माणसाने आपले मळके कपडे धुतलेले पाहणे ही गोष्ट निराळी आहे. ते पाहून मूल स्वतःशीच ओशाळते. दुसऱ्याने चारचौघांत लाजविले तर मन कडवट होते. आपले आपण ओशाळलेले मन मात्र दुसऱ्या दिवशी आपोआप कामाला लागते. अमळनेरला हेच घडले. मुले आपली अंथरुणे आपण आवरू लागली, खोल्या झाडू लागली. ज्या सवयी दंडाने लागल्या नसत्या त्या लागल्या, आणि दंड लावणारा नसतानाही त्या टिकण्याची शक्यता निर्माण झाली.

मूल आजारी पडले की गुरुजी त्याच्या उशाशी बसत. घर दूर, आई दूर, अंगात ताप. अशा वेळी कपाळावर ठेवलेला हात मूल जन्मभर विसरत नाही. महाराष्ट्राने ज्ञानेश्वर महाराजांना ‘माउली’ म्हटले. गुरुत्व आणि मातृत्व आपल्या संतांनी कधी वेगळे मानलेच नाही. अमळनेरच्या छात्रालयात ती संतांची कल्पना रोजच्या वापरात आली, असे आम्ही म्हणतो.

रोजचे ‘छात्रालय’

केवळ प्रेमाने शाळा उभी राहत नाही. प्रेमाला रोजचे रूप द्यावे लागते. गुरुजींनी ते दिले. त्यांनी छात्रालयातील मुलांसाठी ‘छात्रालय’ याच नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. दिवसभर शिकविणे, मुलांचे सर्व पाहणे आणि त्यावर रोज स्वतःच्या हाताने एक पत्र लिहून मुलांपुढे ठेवणे, हा परिश्रम सामान्य नव्हे. त्यात देशातील घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, गोष्टी असत, मुलांना करावयाचे हितगुजही असे.

या उद्योगाचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. एखाद्या समारंभी केलेले उत्तम भाषण मुले टाळ्या वाजवून विसरतात. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी काही चांगले वाचावयास मिळते, ही खात्री मात्र मुलांच्या दिवसाला आकार देते. शिवाय सर्वांनी एकच मजकूर वाचलेला असल्यामुळे जेवणाच्या पंगतीत आणि फिरावयास जाताना त्याच विषयांवर बोलणे होते. निरनिराळ्या गावांहून आलेली मुले अशा सामाईक बोलण्यातून एक घर होतात. देवळातील काकडा आणि शेजारती यांचेही सामर्थ्य त्यांच्या रोजच्या नेमातच नाही काय?

पुढे गुरुजींनी ‘विद्यार्थी’ हे मासिक चालविले आणि छात्रालयाच्या चार भिंतींतील ते हितगुज बाहेरच्या मुलांपर्यंतही गेले. त्या दिवसांचा अनुभव त्यांच्या ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीतही उतरला आहे. ती वाचताना शिक्षक आणि विद्यार्थी एकमेकांना घडवीत कसे वाढतात, याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

शिक्षकांमध्ये अग्रणी होणे म्हणजे काय, याचे उत्तर या सहा वर्षांत आहे. गुरुजी कोणाचे वरिष्ठ नव्हते. दुसऱ्या शिक्षकाला हुकूम करण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि तो त्यांनी कधी मागितलाही नाही. स्वतःच्या हाती जेवढे होते, म्हणजे आपला वर्ग, आपले छात्रालय, आपला वेळ आणि आपली लेखणी, तेवढ्यात त्यांनी सारे ओतले. त्यांचे क्षेत्र वर्गाचे छात्रालय झाले, छात्रालयाचे मासिक झाले आणि पुढे सारा महाराष्ट्र झाला. प्रत्येक वेळी वर्तुळ मोठे झाले ते सेवेमुळे. संकोची स्वभावाच्या माणसालाही हा मार्ग मोकळा असतो, हे त्यांच्या चरित्रातील मोठे आश्वासन आहे.

तुरुंगातील वर्ग

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह आरंभिला. मुलांना स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगणाऱ्या शिक्षकाने त्या वेळी शाळेत बसून राहावे, हे गुरुजींच्या मनाला पटेना. एप्रिल १९३० मध्ये त्यांनी शाळेचा राजीनामा दिला आणि मे महिन्यात त्यांना अटक झाली. शिकवलेले स्वतः आचरावे, हा त्यांचा नेम येथेही सुटला नाही. परंतु छात्रालयातील मुलांना त्या दिवशी काय वाटले असेल, याचीही कल्पना आपण करावी. ज्याने आईची जागा घेतली तो निघून जातो, ही जखम लहान नसते. गुरुजींनाही ती जाणवली असली पाहिजे, कारण पुढे आयुष्यभर ते पत्रांतून, गोष्टींतून आणि पुस्तकांतून मुलांकडे पुनःपुन्हा परत येत राहिले.

धुळ्याच्या तुरुंगातून त्यांना दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पाठविण्यात आले. तेथे दक्षिणेकडील निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही होते. एकाच देशाची मुले एकमेकांची भाषा जाणत नाहीत, हे त्यांनी पाहिले. त्यांनी तमिळशी परिचय करून घेतला आणि पुढे तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरळ’चा मराठी अनुवादही केला. भारतातील प्रांतांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, परस्परांचे साहित्य आपलेसे करावे, या त्यांच्या ‘आंतरभारती’च्या स्वप्नाचे मूळ या तुरुंगातच आहे.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते आणि विनोबाही तेथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. ती टिपून घेण्याचे काम गुरुजींनी केले. विनोबांचे बोलणे लिखित नव्हते. गुरुजींची लेखणी तेथे नसती तर आज घराघरांत वाचली जाणारी ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती या रूपात आली नसती. स्वतः नामांकित शिक्षक असलेला माणूस अठरा रविवार दुसऱ्याच्या पायाशी विद्यार्थी होऊन बसतो आणि एक एक शब्द जपून ठेवतो. गुरुपौर्णिमेला यापेक्षा समर्पक चित्र आम्हांस सुचत नाही. जो शिकणे थांबवीत नाही तोच शिकवू शकतो, हे यातून दिसते.

पुढल्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात मोजक्या दिवसांत ‘श्यामची आई’चा बराचसा भाग त्यांनी लिहून काढला. हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. आश्रमात सायंप्रार्थनेनंतर सवंगडी जमतात आणि श्याम त्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी त्याची रचना आहे. ती वाचताना अमळनेरच्या छात्रालयातील संध्याकाळ आठवल्याखेरीज राहत नाही. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले, हे अनेकांना ज्ञात आहेच.

विठ्ठलाच्या दारी

पुढील काळात गुरुजींनी शेतकऱ्यांसाठी, कामगारांसाठी झटून कार्य केले आणि अनेकदा कारावास भोगला. तो सर्व इतिहास येथे सांगण्यास जागा नाही. परंतु आषाढीच्या या दिवसांत एका गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. पंढरीचा विठोबा सर्वांचा. चोखोबांचाही. तरीही चोखोबांच्या वंशजांना आणि अस्पृश्य मानलेल्या साऱ्या बांधवांना त्याच्या मंदिराचे दार बंद होते. गुरुजींच्या मनाला हे शल्य टोचत होते. त्यांनी प्रथम महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मने वळविली आणि मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर खुले करण्यास संमती मिळाली आणि उपोषण सुटले.

आधी दौरा, मग उपोषण, हा क्रमही शिक्षकाचाच होता. परीक्षेपूर्वी अभ्यास करवून घेतल्याशिवाय चांगला शिक्षक प्रश्नपत्रिका हाती देत नाही. आणि येथेही त्यांनी शिक्षा मागितली ती स्वतःसाठी. छात्रालयात मुलांना दंड करण्याऐवजी स्वतः झाडू हाती घेणारे गुरुजी आणि समाजाला दूषणे देण्याऐवजी स्वतः उपाशी राहणारे गुरुजी, हे एकच आहेत. पालगडच्या वाटेवर उचलून दिलेली मोळी कित्येक वर्षांनी पंढरपूरला पोहोचली.

१९४८ च्या आरंभी महात्माजींची हत्या झाली. त्या पापाचे प्रायश्चित्त आपण घ्यावे, या भावनेने गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. परंतु मनावरील भार वाढतच गेला. स्वतंत्र झालेल्या देशात त्यांना अपेक्षित असलेले प्रेम आणि सचोटी दिसेना, आणि दुसऱ्यांच्या दोषांचे प्रायश्चित्त स्वतःच्या देहावर घेण्याची सवय लागलेले ते मन आतून थकत गेले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपल्या हातांनी आपली जीवनयात्रा संपविली.

हा शेवट सांगताना लेखणी जड होते. परंतु तो लपवू नये असे आम्हांस वाटते. हजारो मुलांच्या कपाळावर हात ठेवणाऱ्या या माणसाच्या कपाळावर त्या दिवसांत पुरेसे हात नव्हते. गुरूची पूजा करणे सोपे आहे. गुरू थकला आहे काय, त्याच्या मनात काय सलते आहे, त्याने आज कोणाशी मन मोकळे केले काय, हे विचारणे आपल्याला सुचत नाही. गुरुजींच्या आदर्शाचे गुणगान करताना त्यांच्या जीवनाने दिलेला हा इशाराही समाजाने घ्यावा. देणाऱ्यालाही देणारे कोणी तरी असले पाहिजे. ज्या शाळेत शिक्षक एकमेकांची विचारपूस करतात आणि गाव शिक्षकाची करते, तीच शाळा मुलांना प्रेम शिकवू शकते.

आमच्या रानातील शाळा

गुरुजी खानदेशात शिकविते झाले आणि आम्ही हे लिहितो आहोत ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानपट्ट्यातून. अंतर पुष्कळ आहे. परंतु आमच्या गावांतील शाळा, आश्रमशाळा आणि वसतिगृहे डोळ्यांपुढे आणली म्हणजे हे अंतर कमी होते. येथेही मुले घरापासून दूर राहून शिकतात. येथेही मोहफुलांच्या, तेंदूपानांच्या आणि रोवणीच्या दिवसांत घरच्या कामाची ओढ आणि शाळेची ओढ यांत मुलाचे मन दुभंगते. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या या भागात कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी गोंडी बोलली जाते. वर्गात पहिल्या दिवशी गप्प बसलेले मूल मंद असते असे नाही. कित्येकदा त्याच्या घरची भाषा वर्गात कोणी बोललेली नसते, एवढेच. अशा मुलाशी त्याच्या भाषेतले चार शब्द बोलणारा शिक्षक हा गुरुजींच्या आंतरभारतीचा खरा वारस होय. त्यासाठी दूरच्या प्रांतात जाण्याचीही गरज नाही. आंतरभारती आमच्या एकेका वर्गात बसलेली आहे.

आमच्या जिल्ह्याला चांगल्या वळणाची परंपरा नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना येथील गावागावांत संध्याकाळी होत आली आहे. लहानथोरांनी एका जागी, एका वेळी, शिस्तीने बसण्याचे वळण तिने लावले. गावाला जे प्रार्थनेने दिले तेच शाळेला रोजच्या लहान नेमांनी देता येते. त्याला मोठा निधी लागत नाही, वरून आदेश येण्याचीही वाट पाहावी लागत नाही. सकाळी मुलांच्या आधी येऊन एकाने वर्ग झाडावा. भिंतीवरच्या फळ्यावर रोज चार ओळी ताज्या लिहाव्यात. दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी संध्याकाळी जाऊन यावे. नव्याने आलेल्या शिक्षकाला जेवावयास बोलवावे. एकाने आरंभ केला की दुसरा त्याला मिळतो, आणि तीन-चार जणांनी वर्षभर केले की त्यालाच त्या शाळेची रीत म्हणू लागतात. मग तो पहिला शिक्षक बदलून गेला तरी रीत मागे राहते.

पालकांनाही यात वाटा आहे. गुरुपौर्णिमेला शाळेत नारळ आणि फुले घेऊन जाणे उत्तमच आहे. परंतु त्या दिवशी आपल्या मुलाच्या शिक्षकाजवळ पाच मिनिटे बसावे, त्याच्या गावाची, घराची, प्रकृतीची चौकशी करावी, आणि घरी आल्यावर मुलांदेखत त्याच्याविषयी आदराने बोलावे. ही पूजाही व्यासांना पोहोचते, अशी आमची श्रद्धा आहे.

येत्या पौर्णिमेच्या रात्री देवघरात समई लागेल. तिची वात पुढे सारताना, तिची ताटली पुसताना, अमळनेरच्या त्या छात्रालयातील काजळलेले कंदील आठवावेत. मुलांना नीट वाचता यावे म्हणून त्यांच्या काचा पुसणारे ते हात आठवावेत, आणि आपल्या गावातील असे हात कोणाचे, ते ओळखून त्यांना नमस्कार करावा.